वणवा, वळचण आणि शेजार

१७ सप्टेंबर १९२३ च्या दुपारी कॅलिफोर्नियातल्या बर्कली शहरावर डोंगरापलीकडून वणवा उतरला. पूर्वेचा कोरडा, गरम वारा सुटला होता. वाइल्डकॅट खोऱ्यातलं वाळलेलं गवत पेटलं आणि दोनच्या सुमारास आग टेकडी ओलांडून वस्तीत शिरली. पुढच्या दोन-अडीच तासांत ५८४ इमारती जळून गेल्या. बंब धावले, विद्यापीठातली पोरं मदतीला आली, पण शहर वाचलं ते वाऱ्यामुळे. समुद्रावरून दमट वारा आला आणि आगीचा जोर मोडला.

आग एका घरावरून दुसऱ्या घरावर कशी गेली, हे समजायला तज्ज्ञांची गरज नव्हती. त्या काळची टेकडीवरची बहुतेक घरं लाकडी चिपांनी शाकारलेली होती. सीडर किंवा रेडवूडची पातळ चीप उन्हात वर्षानुवर्षं वाळली की कागदासारखी पेट घेते, आणि जोराच्या वाऱ्यात पेटलेली चीप सुटून तीन-चार घरं ओलांडून दुसऱ्या छपरावर जाऊन पडते. बर्कलीच्या नगर परिषदेला हे दिसलं होतं. छपरं आगीला दाद न देणारी असावीत, असा नियम परिषदेने केलाही. पण अमलात येण्याआधीच तो मागे घेतला गेला.

अडुसष्ट वर्षांनी, १९९१ मध्ये, त्याच डोंगररांगेवर, त्याच वाऱ्यात, तशाच छपरांची सुमारे तीन हजार घरं जळाली आणि २५ माणसं मेली. या दोन आगींच्या मधला आणि नंतरचा काळ म्हणजे एका साध्या गोष्टीच्या विस्मरणाचा आणि पुन्हा शिकण्याचा इतिहास आहे. वणवा विझवणं सरकारचं काम असेल, पण वणव्यात घर टिकवणं हे घरमालकाचं आणि त्याच्या शेजाऱ्यांचं काम आहे, आणि ते काम आग लागण्याच्या कितीतरी आधी करायचं असतं.

कॅलिफोर्नियाच्या मूळ रहिवाशांना हे वेगळ्या रीतीने माहीत होतं. उत्तरेकडच्या क्लॅमथ नदीच्या खोऱ्यात राहणारे करुक आणि युरोक लोक आपल्या गावांभोवतालचं रान ठरावीक काळाने, ठरावीक ऋतूत स्वतःच जाळत. ओकच्या झाडांखाली हलका जाळ फिरवला की खाली पडलेली किडकी फळं आणि त्यातली कीड नाहीशी होई, पुढच्या हंगामातलं ओकफळ चांगलं मिळे. हेझलचं झुडूप जाळलं की त्याला सरळ, लवचीक धुमारे फुटत. टोपल्या विणायला तेच लागत. घराजवळ पालापाचोळा साठत नसे, हा याचा आणखी एक फायदा. युरोपीय वसाहतीआधी कॅलिफोर्नियात दरवर्षी ४० लाख एकरांहून अधिक क्षेत्रावरून आग फिरत असावी, असा संशोधकांचा अंदाज आहे. त्यातली काही विजेने लागलेली, काही माणसांनी लावलेली. बरीचशी आग जमिनीलगत सरपटत जाणारी होती आणि मोठी झाडं तिच्यातून वाचत.

कॅलिफोर्निया अमेरिकेचं राज्य झालं १८५० साली. त्याच वर्षी मूळ रहिवाशांसंबंधी जो कायदा झाला, त्यात गवताळ रानाला आग लावणाऱ्याला शिक्षेची तरतूद होती. पुढे जंगलखातं आलं आणि बंदी पक्की झाली.

या बंदीमागच्या विचाराचा एक धागा आपल्याकडे येऊन पोहोचतो. १८६० च्या दशकात, नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतात पिअरसन नावाच्या वनाधिकाऱ्याने सातपुड्यातलं बोरीचं जंगल वणव्यापासून राखून दाखवलं. जाळरेषा काढायच्या आणि आसपासच्या लोकांना रान जाळू द्यायचं नाही, ही त्याची रीत. त्या काळी हिंदुस्थानच्या वनखात्याचे प्रमुख होते डिट्रिख ब्रँडिस. निवृत्तीनंतर जर्मनीत राहणाऱ्या याच ब्रँडिस यांच्याकडे एक अमेरिकन तरुण मार्गदर्शनासाठी गेला होता. त्याचं नाव गिफर्ड पिंचो. १९०५ मध्ये अमेरिकेची वनसेवा स्थापन झाली तेव्हा तिचा पहिला प्रमुख हाच पिंचो होता. राज्याने राखलेलं, आगीपासून पूर्ण दूर ठेवलेलं जंगल हा आदर्श एकट्या अमेरिकेत जन्मलेला नाही. त्याच्या जडणघडणीत सातपुड्याचाही वाटा आहे. बोरीच्या आसपासच्या गावकऱ्यांना आणि करुक लोकांना एकाच शतकात एकाच प्रकारचा हुकूम ऐकावा लागला.

वनसेवा पाच वर्षांची असताना तिच्यावर घाला आला. २० आणि २१ ऑगस्ट १९१० या दोन दिवसांत आयडाहो आणि मोंटानात सुमारे ३० लाख एकर जंगल जळालं. ऐंशीहून अधिक माणसं मेली, त्यांतले बहुतेक आग विझवायला गेलेले मजूर आणि जवान होते. या घटनेने एका पिढीच्या वनाधिकाऱ्यांचं मन घडवलं. कॅलिफोर्नियातले काही जमीनमालक तेव्हा म्हणत होते की हलका जाळ फिरवून रान मोकळं ठेवलं तर मोठा वणवा टळेल. त्यांची थट्टा झाली, मूळ रहिवाशांची नक्कल म्हणून हिणवलं गेलं, आणि १९२० च्या दशकात तो विचार अधिकृतपणे बाजूला टाकला गेला. १९३५ मध्ये वनसेवेने नियम केला की कुठलीही आग, कुठेही लागलेली असो, दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत आटोक्यात आणायची.

मग आलं अस्वल. ९ ऑगस्ट १९४४ रोजी स्मोकी बेअरचा जन्म झाला, म्हणजे जाहिरातीतला. टोपी घातलेलं हे अस्वल अमेरिकेतल्या पोरापोराला सांगू लागलं की जंगलातली आग टाळणं तुझ्याच हातात आहे. सिगारेट विझव, शेकोटीवर पाणी ओत, काडी मोडून टाक. संदेश खोटा नव्हता. पण त्याने निम्मीच गोष्ट सांगितली. अर्धं शतक अमेरिकन नागरिकाला शिकवलं गेलं ते आग लागू कशी द्यायची नाही हे. आग आलीच तर आपलं घर तिला कसं सामोरं जाईल, हे त्याला कुणी विचारलं नाही. त्याच काळात शहरं मात्र डोंगरांत चढत होती. दुसऱ्या महायुद्धानंतर लॉस एंजेलिसच्या दऱ्याखोऱ्यांत, चॅपरल नावाच्या तेलकट, चिवट झुडपांच्या मधोमध बंगले उभे राहिले. छपरं लाकडी चिपांची, कारण ती देखणी दिसत.

६ नोव्हेंबर १९६१ ला त्यातल्या बेल एअर भागात आग लागली. सांता आना नावाचा वाळवंटाकडून येणारा कोरडा वारा तिच्या पाठीशी होता. दिवसभरात ४८४ घरं जळाली. त्या दिवसाचं एक छायाचित्र पुढे फार गाजलं. आदल्याच वर्षी अध्यक्षपदाची निवडणूक हरलेले रिचर्ड निक्सन भाड्याच्या घराच्या लाकडी छपरावर उभे आहेत आणि हातातल्या पाइपने छपरावर पाणी मारताहेत. त्यांचं घर वाचलं. आश्चर्य म्हणजे या आगीत एकही माणूस दगावला नाही, आणि कदाचित म्हणूनच धडा अर्धाच घेतला गेला. लॉस एंजेलिसच्या अग्निशमन दलाने या आगीवर माहितीपट काढला, लाकडी छपरांकडे आणि अरुंद रस्त्यांकडे बोट दाखवलं. घराभोवतीची झुडपं तोडण्याचे नियम कडक झाले. साठच्या दशकातच राज्याने जंगलालगतच्या घरांभोवती ३० फूट जागा साफ ठेवण्याचा कायदा केला. २००५ पासून ही हद्द १०० फुटांवर गेली. पण लॉस एंजेलिस शहरात नव्या बांधकामात लाकडी चिपांच्या छपरांवर पूर्ण बंदी यायला १९८९ उजाडलं.

१९७० च्या शरद ऋतूत दक्षिण कॅलिफोर्निया तेरा दिवस जळत होता. त्यातून एक मोठी गोष्ट निघाली. वेगवेगळ्या गावांचे बंब एकमेकांशी बोलू शकत नव्हते, कोणाचा हुकूम कोणी मानायचा हे ठरलेलं नव्हतं; म्हणून घटनास्थळी एकच आदेशसाखळी असावी अशी पद्धत तयार झाली. ती पुढे जगभर गेली. आपल्या राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१० मध्ये देशासाठी जी प्रतिसाद पद्धत जाहीर केली, ती याच घडणीची आहे. पण तीही बंबवाल्यांचीच सुधारणा होती. घरमालक अजून प्रेक्षक होता.

१९९१ चा तो ऑक्टोबरमधला रविवार आला तेव्हा हे सगळं उघडं पडलं. शनिवारी, १९ तारखेला, ओकलंडच्या टेकड्यांवर गवताची छोटी आग लागली होती. जवानांनी ती आटोक्यात आणली. रविवारी सकाळी अकराच्या सुमारास डोंगरावरून गरम वारा सुटला आणि राखेखालचा विस्तव पुन्हा पेटला. पहिल्या तासाभरात जवळपास ८०० इमारती पेटल्या. एवढ्या घरांना पुरे पडतील इतके बंब कुठल्याही शहराकडे नसतात. मदतीला शेजारच्या गावांमधून गाड्या आल्या, तर त्यांचे पाइप ओकलंडच्या नळांना बसेनात, कारण ओकलंडची तोटी तीन इंची आणि बाकीच्यांची अडीच इंची. वीज गेल्यावर पंप बंद पडले, टेकडीवरच्या टाक्या रिकाम्या झाल्या. वळणावळणाच्या अरुंद रस्त्यांवर उतरणाऱ्या मोटारी आणि चढणारे बंब समोरासमोर अडकले. मेलेल्यांपैकी कित्येक जण अशाच एका गल्लीत, गाड्यांत किंवा गाड्यांच्या आसपास सापडले. मृतांमध्ये एक पोलीस आणि अग्निशमन दलाचा एक वरिष्ठ अधिकारीही होता.

आणि छपरं? तीच, लाकडी चिपांची. भोवती ऑस्ट्रेलियातून आणून लावलेले निलगिरी, त्यांच्या सालींचे लांब पट्टे पेटून वाऱ्यावर उडत होते.

ओकलंडने मग जे केलं, ते समाज म्हणून शिकणं किती अवघड असतं याचा चांगला नमुना आहे. टेकडीवरच्या रहिवाशांनी स्वतःवर कर बसवून घेतला. त्या पैशातून मोकळ्या जागांतलं गवत कापायचं, शेळ्यांचे कळप चारायला सोडायचे, घरोघर तपासणी करायची. १९९७ मध्ये ही योजना गुंडाळली गेली. २००३ मध्ये मतदारांनी ती पुन्हा आणली. २०१३ मध्ये मुदतवाढीसाठी दोन तृतीयांश मतं हवी होती; अगदी थोडक्यात ती हुकली. नोव्हेंबर २०२४ मध्ये मतदारांनी पुन्हा असा कर मंजूर केला. आगीची आठवण आणि कराची पावती यांची ही ओढाताण तीस वर्षं चालू आहे. शेळ्यांचं म्हणाल, तर त्या कॅलिफोर्नियात आता नेहमीच्या झाल्या आहेत. लगुना बीच या समुद्रकाठच्या गावाला १९९३ मध्ये आगीने झोडपलं. तिथे डोंगरउतारावरची झुडपं आजही शेळ्याच खाऊन काढतात. जिथे यंत्र चढत नाही तिथे शेळी चढते.

या सगळ्यात मूळ प्रश्न कुणीतरी शास्त्रीय पद्धतीने विचारायला हवा होता: वणव्यात घर पेटतं ते नेमकं कशाने? हा प्रश्न आयुष्यभर लावून धरणारा माणूस म्हणजे जॅक कोहेन. मोंटानातल्या मिसूला इथल्या वनसेवेच्या अग्निप्रयोगशाळेत तो संशोधक होता. नव्वदच्या दशकाच्या शेवटी कॅनडाच्या वायव्य भागात, निर्जन जंगलात, मुद्दाम मोठाले वणवे पेटवून प्रयोग झाले. झाडांच्या शेंड्यांवरून जाणारी ज्वाळांची भिंत, आणि तिच्यासमोर ठरावीक अंतरावर उभ्या केलेल्या लाकडी भिंती. दहा मीटरवरच्या काही भिंती पेटल्या. वीस मीटरवरच्या फार तर काळवंडल्या. तीस मीटरवर काहीच झालं नाही. म्हणजे जंगलातली ती अक्राळविक्राळ आग शंभर फुटांवरून घराची भिंत पेटवूच शकत नाही.

मग घरं कशाने जळतात? मे २००० मध्ये न्यू मेक्सिकोतल्या लॉस अलामोस गावात दोनशेहून अधिक घरं जळाली तेव्हा कोहेन तिथे जाऊन गल्लीगल्लीत फिरला. घर पायापर्यंत राख झालेलं, आणि त्याच्या अंगणातली पाइनची झाडं हिरवी उभी! मोठी ज्वाळा तिथे आलीच नव्हती. आल्या होत्या त्या ठिणग्या, आणि भिंतीच्या कडेला साठलेल्या पाइनच्या वाळक्या सुयांतून सरपटत आलेली वीतभर उंचीची आग. जिथे घरमालकाने दाताळ्याने सुया ओढून बाजूला केल्या होत्या, तिथे घर उभं होतं.

या निष्कर्षाने सगळी दिशाच बदलली. घर आणि त्याच्याभोवतीचा शंभर फुटांचा पट्टा, त्यातही घराला चिकटलेले पहिले पाच फूट, हीच खरी रणभूमी. साउथ कॅरोलायनात विमा कंपन्यांनी २०१० मध्ये प्रयोगशाळा उघडली. तिथे पूर्ण आकाराचं घर उभं करून प्रचंड पंख्यांनी त्याच्यावर ठिणग्यांचा पाऊस पाडतात आणि बघतात. दिसतं ते नेहमी सारखंच असतं. ठिणगी पन्हळीत साठलेल्या पाल्यात पडते. वळचणीखालच्या झरोक्यातून माळ्यावर शिरते. लाकडी डेकच्या फटीत अडकते. भिंतीलगतच्या फुलझाडांखाली पसरलेल्या सालींच्या तुकड्यांत धुमसत राहते, आणि बंब निघून गेल्यावर तासाभराने घर आतून पेटतं.

म्हणून आज कॅलिफोर्नियात एखादा प्रशिक्षित स्वयंसेवक घर तपासायला आला की तो जंगलाकडे बघतही नाही. शिडी लावून आधी पन्हळ बघतो. झरोक्यांच्या जाळीची भोकं मोजतो. ती तीन मिलिमीटरहून मोठी असतील तर जाळी बदलायला सांगतो. डेकखाली रचलेली जळाऊ लाकडं दाखवतो. घराला जोडलेलं लाकडी कुंपण असेल तर शेवटचा पाच फुटांचा तुकडा काढून तिथे लोखंडी फाटक बसवायला सांगतो, कारण कुंपण पेटलं की आग वात धरून थेट भिंतीपर्यंत येते. दारातलं काथ्याचं पायपुसणंसुद्धा त्याच्या यादीत असतं. यातलं बरंचसं काम एका शनिवारात, झाडू, दाताळं आणि तारेची जाळी एवढ्या साहित्यात होतं.

पण एकट्याने हे करून भागत नाही, आणि इथेच समाजाचा प्रश्न येतो. घरं दाटीने असतील तर शेजारच्या घराची आच ही जंगलाच्या आगीपेक्षा कितीतरी घातक असते. जंगल मिनिटा-दोन मिनिटांत जळून पुढे जातं. घर तास न् तास जळतं. आपण पन्हळ साफ केली, पण दहा फुटांवरच्या घरमालकाने केली नाही, तर आपली मेहनत वाया जाते. याच कारणाने अमेरिकेच्या राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटनेने २००२ मध्ये 'फायरवाइज' हा कार्यक्रम सुरू केला. त्यात मान्यता एका घराला मिळत नाही, वस्तीला मिळते. वस्तीने समिती नेमायची, जोखमीची पाहणी करायची, कामाचा आराखडा करायचा, आणि दरवर्षी घरामागे किमान एक तास श्रम किंवा तेवढ्या मोलाचा खर्च दाखवायचा. अमेरिकेत आज अशा मान्यताप्राप्त वस्त्यांची संख्या दोन हजारांच्या पुढे आहे. कॅलिफोर्नियात त्याआधीपासून, १९९३ पासून, 'फायर सेफ कौन्सिल' नावाच्या स्थानिक मंडळांचं जाळं आहे. ठरल्या दिवशी सगळी गल्ली फांद्या तोडून रस्त्याकडेला रचते आणि मंडळाचं यंत्र येऊन त्यांचा भुगा करून नेतं. म्हाताऱ्या शेजाऱ्याच्या छपरावर चढून पाला काढायला तरुण शेजारी जातो. कागदावर हे सगळं किरकोळ दिसतं, पण बंबांचा ताफा दुप्पट करण्यापेक्षा या शनिवारांचा उपयोग जास्त आहे.

पुरावा २००७ मध्ये मिळाला. सॅन डिएगोजवळच्या रँचो सांता फे भागात पाच वसाहती सुरुवातीपासूनच आगीचा विचार करून बांधल्या होत्या: न पेटणारी छपरं, बंदिस्त वळचणी, घरात पाण्याचे फवारे, आणि बागेत काय लावायचं याचे कडक नियम. त्या ऑक्टोबरात विच नावाचा वणवा या भागावर आला. आजूबाजूची घरं जळाली. या पाच वसाहतींतलं एकही नाही. पुढच्याच वर्षी, २००८ पासून, वणव्याच्या पट्ट्यातल्या नव्या घरांसाठी राज्याची इमारत नियमावली बदलली.

पण या श्रीमंतांच्या वसाहती होत्या, नव्या होत्या. खरी परीक्षा जुन्या, साध्या घरांची. पॅराडाइज हे उत्तर कॅलिफोर्नियातलं २६ हजार वस्तीचं डोंगरी गाव, निवृत्त लोकांचं, मध्यमवर्गीय. ८ नोव्हेंबर २०१८ च्या सकाळी वीज कंपनीच्या जुन्या वाहिनीमुळे आग लागली आणि दुपारपर्यंत गाव संपलं. ८५ जण मेले, १८ हजारांहून अधिक इमारती गेल्या. गाव बेसावध होतं असंही नाही. आधीच्या आगींनंतर त्यांनी गावाचे विभाग पाडले होते, रस्ते एकाच दिशेने वळवायची योजना होती. पण आदेश वेळेत सगळ्यांपर्यंत पोहोचले नाहीत, आणि मेलेल्यांत बहुसंख्य पासष्टीच्या पुढचे होते. गाडी नसलेले, चालता न येणारे, फोन न लागलेले. पुढे संशोधकांनी राखेतून हिशेब मांडला तेव्हा दिसलं की १९९७ च्या आधी बांधलेल्या दर शंभर घरांपैकी अकरा-बारा वाचली होती, तर त्यानंतरच्या दर शंभरांपैकी अडतीस-एकोणचाळीस. आणि घर वाचेल की नाही हे ठरवणाऱ्या गोष्टींत एक ठळक गोष्ट होती: जवळचं जळालेलं घर किती लांब होतं.

२०२० मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा केला की धोक्याच्या पट्ट्यात घराभोवतीच्या पहिल्या पाच फुटांत पेट घेणारं काही ठेवायचं नाही. नियम ठरवायची मुदत होती २०२३ ची सुरुवात. ती उलटून गेली. भिंतीलगतचं गुलाबाचं झाड काढायला लोक तयार नव्हते, आणि हेही समजण्यासारखं आहे. घराभोवतीची हिरवळ हाच अनेकांच्या घराचा जीव असतो. मग ७ जानेवारी २०२५ उजाडला. लॉस एंजेलिसच्या पॅलिसेड्स आणि ईटन या दोन आगींत १६ हजारांहून अधिक इमारती गेल्या आणि मृतांचा आकडा तिशीपलीकडे गेला. ईटनच्या आगीतले जवळपास सगळे मृत्यू पश्चिम अल्टाडिनात झाले, जिथे कृष्णवर्णीय कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या घरं राखली होती आणि जिथे स्थलांतराचा आदेश कित्येक तास उशिरा पोहोचला. पुढच्याच महिन्यात राज्यपालांनी पाच फुटांचे नियम लवकर पूर्ण करण्याचा आदेश काढला.

दरम्यान उत्तरेत उलटा प्रवास सुरू झाला आहे. युरोक आणि करुक लोक पुन्हा आपलं रान ठरवून जाळू लागले आहेत. त्यांच्या पारंपरिक जाळाला संरक्षण देणारे कायदे २०२१ पासून झाले. हंबोल्ट परगण्यात २०१८ पासून शेतकरी आणि घरमालक एकत्र येऊन एकमेकांच्या जमिनीवर नियंत्रित जाळ करतात, आपल्याकडे मळणीला गावाने एकमेकांच्या खळ्यावर जावं तसं. ज्या ज्ञानाला १८५० मध्ये गुन्हा ठरवलं, त्याच्यासाठी आज सरकार प्रशिक्षण शिबिरं भरवतं. हा न्याय फार उशिरा झाला, आणि अजून पुरता झालेला नाही.

विम्याचं चित्र मात्र कठोर आहे. अनेक कंपन्यांनी डोंगराळ भागातल्या घरांचा विमा नाकारला, आणि शेवटचा आसरा म्हणून १९६८ मध्ये निर्माण झालेल्या 'फेअर प्लॅन'वरचा भार वाढत गेला. २०२२ मध्ये राज्याने नियम केला की घर आणि वस्ती सज्ज ठेवणाऱ्यांना कंपन्यांनी हप्त्यात सवलत द्यावी. सवलत पुरेशी नसते अशी घरमालकांची तक्रार आहे आणि ती रास्त आहे. तरीही वस्तीच्या एकत्रित कामाला पैशांत मोल मिळाल्याची ही पहिली मोठी नोंद.

ज्या मराठी घरांतली मुलं, भावंडं आज बे एरियात, लॉस एंजेलिसच्या टेकड्यांवर किंवा सॅन डिएगोच्या कडेला घर घेऊन राहतात, त्यांनी पुढच्या फोनवर दोन प्रश्न जरूर विचारावेत: पन्हळ शेवटची कधी साफ केली, आणि गल्लीत फायरवाइजची समिती आहे का? नसेल तर ती सुरू करायला आठ घरं पुरतात. आणि सह्याद्रीत, कोकणात ज्यांनी डोंगरउतारावर फार्महाउस बांधलं आहे किंवा काजू-आंब्याची बाग राखली आहे, त्यांच्याकडे वनखात्याचा वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारीला सुरू होतो. गवत त्याआधी कापायचं असतं, आणि शेजारच्या बागायतदाराला बरोबर घेऊन.